गुरुवारच्या टाळ्या

मी घर सोडलं तेव्हा मला कोणी थांबवलं नाही, कारण त्या दिवशी गुरुवार होता.

हे वाचून आमच्या वाडीतली जुनी माणसं हसतील. बाकीच्यांना सांगायला हवं. रत्नागिरीहून आरे-वारेकडे येताना सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळाच्या माळावर, आमची वाडी लागते. ऐंशीच्या दशकात काही वर्षं या वाडीत गुरुवारी कोणी बोलत नसे. देवाचा वार म्हणून नव्हे, एका रशियन डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

तर त्या गुरुवारी मी पडवीत ट्रंक आपटली आणि ओरडलो, "मी मुंबईला चाललो!" आई चुलीपुढून उठली. तिने भाकरीच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं, मग दाराकडे, मग स्वतःच्या कपाळाकडे. धाकटा भाऊ मधू भिंतीला टेकून डोळे मिटून लांब श्वास घेत होता. आबा, म्हणजे आमचे वडील, बाकावर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी विचारलं, "जाऊ काय?" थोडं थांबून पुन्हा विचारलं. सौदा करणाऱ्या माणसाने एकच गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे फार झालं. तिसऱ्यांदा विचारलं की भाव पडतो. मी ट्रंक उचलली आणि फाट्यावर आलो.

एसटी आली. मी खिडकीशी बसलो. गाडी हलल्यावर सहज मागे पाहिलं, तर फाट्यावर आबा उभे. अनवाणी, सदऱ्याची बटणं न लावलेले, आणि दोन्ही हात वर करून जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

मुलगा घर सोडून जातोय आणि बाप टाळ्या वाजवतोय. मी खिडकीची काच लावून घेतली. त्या टाळ्या पुढे कित्येक वर्षं माझ्या कानात वाजत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी मला राग यायचा तो त्या डॉक्टरांचा.

डॉक्टरांचं नाव सेर्गेई. आमच्याकडे त्यांचं 'सरगे डॉक्टर' झालं. ते मोठे वैद्य होते आणि तत्त्वज्ञही, असं आमचे जोशी मास्तर सांगायचे. मास्तर निवृत्त शिक्षक. रशियाहून येणारी गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं वाचून वाचून त्यांनी ती भाषा शिकून घेतली होती, आणि ती बोलायला आयुष्यात पहिल्यांदा माणूस मिळाला म्हणून ते त्याला सोडतच नव्हते. डॉक्टर आयुर्वेदाचा अभ्यास करायला सरकारी परवानगीने आले होते. आले ते मास्तरांच्या घरी पाहुणे म्हणून, आठ दिवसांसाठी. राहिले जवळजवळ वर्षभर.

पहिल्याच सकाळी ते समुद्रात छातीभर पाण्यात, किनाऱ्याकडे तोंड करून, उगवत्या सूर्याकडे हात पसरून उभे राहिले. रापणीचं जाळं ओढायला आलेल्या लोकांना वाटलं, बिचारा जीव देतोय. त्यांनी डॉक्टरांना धरून ओढत किनाऱ्यावर आणलं. डॉक्टर नाराज झाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना एकेक करून मिठी मारली आणि परत पाण्यात गेले.

दुपारी ते शाळेच्या व्हरांड्यात बसत. शरीर, मन आणि आत्मा वेगवेगळे नाहीत, एक दुखलं की तिन्ही दुखतात, हे त्यांचं मूळ सांगणं. ते दोन वाक्यं बोलायचे आणि मास्तर त्याचं मराठी पाव तास करायचे. एकदा त्यांनी आंब्याची पेटी मागवली आणि म्हणाले, "यातलं एक फळ नासलं, तर फक्त ते काढून फेकता का? पेंढा ओला होता का, हवा लागली का, गाडीत हिसके बसले का, हे सगळं बघता ना? मग माणसाचं पोट दुखलं तर फक्त पोट का बघता?" मला त्या माणसाचा राग आहे, पण हे बोलणं पटलं होतं. माल कळणाऱ्या माणसाचं बोलणं होतं ते.

बाकी त्यांनी जे सांगितलं ते आमची आई जन्मभर सांगत होती. सकाळी पेज प्या, घास नीट चावा, रात्री लवकर जेवा, मनात राग धरून झोपू नका. तेव्हा ते कोणी ऐकलं नाही. मास्तरांनी तेच रशियनमधून मराठीत आणल्यावर सगळी वाडी पेज प्यायला लागली. आई म्हणायची, "मी बोलले तेव्हा कानात बोळे घातलेत. आता माझीच पेज मास्तर मला शिकवतो."

सगळ्यांत पुढे आमचे आबा. डॉक्टर म्हणाले झाडांना मिठी मारा, तर आबा रोज पहाटे विहिरीजवळच्या आंब्याच्या जुन्या कलमाला मिठी मारून उभे राहायचे. मी त्यांचा थोरला मुलगा. मला आठवतंय तसं त्यांनी मला कधी जवळ घेतलं नव्हतं. कलमाला मात्र ते रोज घ्यायचे, मुंग्या चावेपर्यंत.

मग गुरुवारचं मौन आलं. आठवड्यातून एक दिवस जीभ बंद, म्हणजे मन स्वतःचं ऐकतं. वाडीने ते इतकं मनावर घेतलं की गुरुवारी कुत्रीसुद्धा ओशाळी होऊन फिरायची. जेवायला बोलवायचं तर आई ताटावर पळी बडवायची. फक्त मी बोलत होतो. गुरुवारी पेटीवाला आला, ट्रकवाला आला, तर कोणीतरी बोलायला नको?

कारण आमच्या घरचा सगळा सौदा माझ्याकडे होता. सातवीत शाळा सुटली ती बापजाद्यांच्या कलमांपायी, पण धंदा माझा मी शिकलो. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मोसमात पेट्यांबरोबर मुंबईच्या बाजारात जायचो. तिथे घाऊक भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं असली तरी भाव दोघांनाच कळतो. या रुमालाखाली मी भल्याभल्यांना घाम फोडला होता. तोंडाने शिव्या आणि बोटांनी भाव, दोन्ही एकाच वेळी चालायचे. आबांना ते आवडत नसे. "मालाचा भाव सांगायचा रे बाला, आरडायचा कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण मी आणलेल्या भावाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

एके दुपारी आबांनी मला जबरदस्तीने शाळेच्या व्हरांड्यात नेलं. सकाळीच मास्तर म्हणाले होते की डॉक्टरांना आपल्या देशी पाठवायला थोडे आंबे हवेत. त्यामुळे मी जरा तयारीतच गेलो होतो. डॉक्टरांनी हसून माझा हात हातात घेतला आणि मनगटावर तीन बोटं दाबली.

आता माझ्या जागी बाजारातला कोणीही असता तरी त्याने तेच केलं असतं. मी खांद्यावरचा पंचा काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

डॉक्टर चमकले, पण बोटं काढली नाहीत. तीन. मी पूर्ण पंजा दाबला. त्यांनी डोळे मिटून पुन्हा तीनच दाबली. मी पंजा आणि वर एक बोट दिलं. ते तीनावरून हलायला तयार नाहीत! माझं डोकं सटकलं. मी उठून ओरडलो, "अहो डॉक्टर, या भावात तुम्हाला रस्त्याकडेचा रायवळ आंबासुद्धा कोणी देणार नाही! परदेशी आहात म्हणून हापूस फुकट मिळतो असं वाटलं काय?"

व्हरांडा हसून लोळला. मास्तरांनी हसू आवरत सांगितलं, "अरे, नाडी बघतायत ते तुझी!"

डॉक्टर हसले नाहीत. ते बराच वेळ हळू आवाजात बोलले. मास्तरांनी त्याचं मराठी केलं ते असं: "या तरुणाचं रक्त सतत बाजारात धावतं. कोणी प्रेमाने हात धरला तरी त्याला आकडा दिसतो. एक वर्ष याला खरेदी-विक्रीपासून लांब ठेवा. नाहीतर याचं हृदय लवकर थकेल."

आबांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर ते म्हणाले, "मोसम यंदा मधू बघंल. तू वरसभर गप ऱ्हा. तुझा जीव ऱ्हायला पायजे."

मी म्हणालो, "मधू? त्याला कोणी रस्ता विचारला तर तो घरापर्यंत सोडून येतो!" मी भांडलो, ताट ढकललं, डॉक्टरांच्या सात पिढ्या काढल्या. आबांचा निर्णय बदलला नाही. चार दिवसांनी गुरुवार आला आणि मी निघालो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मुंबईत मी एका दलालाच्या गाळ्यात रिकाम्या पेट्यांवर झोपायचो. माझी भाषा बदलली. 'माणूस' जाऊन 'पार्टी' झाली, 'आंबा' जाऊन 'माल' झाला. गुजरात्याशी गुजराती, भैयाशी हिंदी, आणि स्वतःशी बोलायला वेळच नाही. गाडी खाली करण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचा गाळा घेतला. हृदय थकलं नाही, हे डॉक्टरांनी लिहून घ्यावं.

दर मोसमात मधू आमच्या पेट्या घेऊन बाजारात यायचा. माझ्याकडे नव्हे, समोरच्या गाळ्यावर. मी पेट्यांच्या थप्पीआडून बघायचो. हा बुडणार याची मला खात्री होती. पण मधू रुमालाखाली हात द्यायचा, भाव ऐकायचा आणि डॉक्टरांनी शिकवलं तसे डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा. हा श्वास संपायचाच नाही. समोरचा व्यापारी आधी वाट बघायचा, मग चुळबुळ करायचा, मग घाबरून स्वतःच भाव वाढवायचा. मी दहा शिव्या देऊन जे मिळवायचो ते हा गाढव फुकट मिळवत होता! माझी बोटं शिवशिवायची. मधू मला बघून हसायचा, "दादा, बरा हायस ना?" म्हणायचा. मी मान फिरवायचो. डॉक्टर तोवर कधीच आपल्या देशी परतले होते. भांडायलाही कोणी उरलं नव्हतं.

मग एका मोसमात, ऐन गर्दीच्या वेळी, गाड्यांचे हॉर्न आणि हमालांच्या आरोळ्या चालू असताना मला टाळ्या ऐकू आल्या.

असल्या कालव्यात टाळी कशी ऐकू येईल? पण मला आली. मी वळून पाहिलं. गल्लीच्या टोकाला पेट्यांच्या मधोमध आबा उभे. धोतर, टोपी, सदऱ्याला मागे अडकवलेली छत्री, आणि ते माझ्याकडे बघत दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. तोंड मात्र घट्ट मिटलेलं.

मी गाळ्यातल्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार.

तेव्हा मला कळलं की फाट्यावर तो माणूस काय करत होता. सड्याच्या तापलेल्या कातळावरून अनवाणी धावत आला होता. हाक मारता येत नव्हती, म्हणून टाळ्या वाजवत होता. आणि मी काच लावून घेतली होती.

मला असा काही राग आला! मी गल्लीतून ओरडतच गेलो, "आबा, तुम्हाला एवढा मोठा आठवडा कमी पडला? बुधवारी यायचं! शुक्रवारी यायचं! बोला आता! बोला की!" सगळा बाजार थांबून बघायला लागला. आबांनी मान हलवली आणि हात पुढे केला. मी हात धरला आणि सवयीने त्यावर रुमाल टाकला.

आत मी आकडा शोधत होतो. एक बोट, दोन बोटं, पंजा, काहीतरी. आबांना आमची बोटांची भाषा येत नव्हती. त्यांनी माझा हात नुसता धरून ठेवला होता. मी एक बोट दाबून बघितलं, ते हलले नाहीत. मी पंजा दाबला, तरी हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा मला रुमालाखाली पुढे काय करायचं ते सुचेना. मागून मधू म्हणाला, "दादा, सोड ना आता. आबांना उभं ऱ्हावत नाय." त्याने मौन मोडलं, पण त्याला कोणी बोललं नाही.

त्या दिवसापासून आमच्या पेट्या माझ्या गाळ्यावर यायला लागल्या. मोसम संपला की मी घरी जायचो. आबा गेल्यावरही जातो. विहिरीजवळचं कलम अजून फळतं. त्याला मिठी मारतो का, असं गावात काहीजण विचारतात. मुंग्या फार आहेत, एवढंच सांगतो.

माझा हात धरणारा प्रत्येकजण मुंबईत काहीतरी मागत असतो, आणि मला ते आवडतं, कारण माझं पोट त्यावर आहे. गावच्या फाट्यावर उतरलो की मात्र खांद्यावरचा रुमाल काढून खिशात ठेवतो. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच.

डॉक्टरांना माफ केलं का? मुळीच नाही. नाडी बघायची तर माणसाने आधी सांगावं. त्यांच्यावरचा माझा राग अजून जसाच्या तसा आहे. फक्त गुरुवारी मी तो बोलून दाखवत नाही.