दत्तारामचं गाऱ्हाणं

दत्ताराम परब म्हणजे साकीनाक्याच्या वर्कशॉपवाल्यांचा गोलकीपर. वय चाळिशीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण हौस बघा! कारखान्यांच्या फुटबॉल लीगमध्ये इतकी वर्षं खेळून गड्यानं बाद फेरीचं तोंड पाहिलं नव्हतं. चौऱ्याऐंशीचा मोसम शेवटचा, असं बायकोला वचन देऊन बसलेला.

आणि साकीनाक्याचे सगळे सामने खेळून झाले तेव्हा टीम पाचवी. वर जाणार चार. चौथ्या मुलुंडला शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी पुरे होती, तीही तळाच्या चारकोपशी. मुलुंड हरलं तरच साकीनाका वर. म्हणजे वाट लागलीच म्हणायची.

मग ह्या बाबानं देवाला कामाला लावलं. गाऱ्हाणं घालण्यात त्याचा हात कोण धरणार? वर्कशॉपमागच्या देवाच्या घुमटीपुढे नारळ ठेवला, टीम उभी केली नि झाला सुरू, "बा देवा म्हाराजा, मुलुंडवाल्यांका हरव. तेंचो गोलकीपर आडवो पाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे हसत हसत ओरडले.

आता मुलुंडचा गोलकीपर कोण? खंडू सावंत. दत्तारामच्याच गावचा, एकाच खळ्यात दोघांनी चेंडू लाथाडलेला. हे काय त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं! पण जीभ सुटली ती सुटली.

शनिवारी खंडू चेंडूवर झेपावला, चारकोपचा गडी अंगावर पडला आणि मनगट मोडलं. त्याच्या जागी भलताच कुणीतरी उभा केला, त्यानं दोन गोल खाल्ले. साकीनाका बाद फेरीत! पोरं नाचली. दत्तारामला पेढा गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तो मुलुंडला खंडूच्या घरी गेला. खंडू प्रेस मशीनवर काम करणारा, आणि उजवाच हात प्लास्टरमध्ये. त्याच्या बायकोनं, उत्तरानं, चहा पुढे ठेवला. म्हणाली, "भावोजी, तुमचं बोलणं देव ऐकतो म्हणतात. ह्यांच्या हातासाठी एक गाऱ्हाणं घाला ना."

दत्तारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून हात जोडले. पण खाली बघत म्हणाला, "वहिनी, ह्याच तोंडानं मी खंडूला आडवा पाड म्हणून देवाला सांगितलंय."

खंडू खो खो हसला. "अरे मेल्या! देव काय तुमच्या टीमचो कोच आसा? मीच चुकीचो पडलंय."

उत्तरा हसली नाही. तिनं दत्तारामपुढचा भरलेला कप उचलला आणि आत नेला.

दाराशी खंडूनं हाक मारली, "दत्ता, सेमीफायनलला डावीकडे ध्यान ठेव. तिकडे तू उशिरा पडतंस, मी बघलंय. आणि जिंकान ये रे, गावाचा नाव आसा."

चार शिव्या हासडल्या असत्या तर दत्तारामनं त्या मुकाट ऐकल्या असत्या. हे मात्र ऐकवेना. लाजेनं कान तापले, आणि मान वर न करताच तो जिना उतरला.