ओळखीचा दगड

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको मेथी निवडत टीव्ही बघत होतो. मुलगा तांजोंग पगारला ऑफिसात, इथे परदेशात त्याच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये आम्हीच. टीव्हीवर लांब उत्तरेचं कुठलं तरी बेट होतं. झाड म्हणून नाही, नुसतं गवत, वारा आणि दगडांचे मोठाले ढीग. इंग्रजी मला कळत नाही, तिला थोडं कळायचं.

"थडगी आहेत अहो," ती म्हणाली. "हजारो वर्षांची. सगळं गाव दगड आणून रचायचं."

आत शिरायची वाट इतकी बुटकी, की दाखवणारा माणूस रांगत गेला.

"माझे गुडघे नाही बाई चालायचे."

"मेल्यावर कसले गुडघे?"

हसली. मग म्हणाली, "यांना ढीगभर दगड. आपल्यात एकच, तोही कुठला तरी उचललेला. माझ्या वेळी जरा ओळखीचा बघा."

"आधी मेथी निवड. काड्या टाकतेयस भाजीत."

चहा घेऊन ती जरा पडली. भाजी फोडणीला टाकू का, म्हणून विचारायला गेलो, तर ती गेलेली.

संध्याकाळी मुलाने दुसऱ्या दिवशीच्या अंत्यविधीसाठी गुरुजींना फोन केला. आपल्यात स्मशानात एका दगडाने मडक्याला भोक पाडतात, आणि दहाव्यापर्यंत त्या दगडालाच गेलेलं माणूस मानून पाणी देतात. इथलं स्मशान विजेचं, चकाचक फरशीचं. तिथे दगड कुठला मिळायला? गुरुजी स्वतःच पिशवीतून आणतात म्हणे.

"त्यांना सांग, आणू नका," मी म्हणालो.

"बाबा, इथे सगळं सिमेंट आहे. तुम्ही कुठून आणणार?"

"आणतो."

बिल्डिंगखाली सिमेंटात बसवलेल्या गोट्यांची एक वाट आहे. तिच्यावर अनवाणी चाललं की तब्येत सुधारते म्हणतात. ही रोज सकाळी चालायची, आई गं आई गं करत. मी बाकावर. वळणावरचा एक काळा गोटा हलायचा. त्यावर पाय पडला की तिथून ओरडायची, "तुमच्या दातासारखा झालाय हो हा." चिनी म्हाताऱ्या माना वळवून बघायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन खाली गेलो. चपला बाकाखाली काढल्या आणि त्या गोट्यांवरूनच वळणापर्यंत चाललो. फार टोचतात. उगाच ओरडत नव्हती ती. काळा गोटा उलथण्याने निघाला. धुतला नाही. तसाच सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर तिला दाखवायला नेला.