बालवाडीतला दूधकट्टा

माझ्या बालवाडीत सकाळचा पहिला तास खेळाचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या, थोडं अंगण आणि मदतीला एक ताई, एवढाच कारभार. खेळाचं सामान मी आदल्या दिवशीच काढून ठेवते. त्याचं काय करायचं ते मुलं ठरवतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी दूधकट्टा मांडला. कोल्हापुरात संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक उभ्यानंच पेलाभर दूध पितात, हे सगळ्यांनीच वडिलांच्या गाडीवर बसून पाहिलेलं. एक जण म्हैस, एक गवळी, बाकीचे रांगेत. दूध म्हणजे बादलीतलं पाणी.

म्हैस व्हायची सगळ्यात हौस एका साडेचार वर्षांच्या मुलाला. एका सोमवारी त्याचे वडील तावातावानं आले.

"बाई, फी भरून पोराला म्हैस करायला पाठवलंय व्हय आम्ही? घरात चार पायांवर फिरतंय. आजी म्हणती, वैरण टाकू का?"

मी हसू आवरलं, कारण ते हसत नव्हते. शनिवारपर्यंत लिखाणाच्या वह्या सुरू करा, नाहीतर आमच्या गल्लीतली पाचही मुलं दुसरीकडे घालतो, असं त्यांनी बजावलं. पाच मुलं गेली तर ताईंना ठेवणं अवघड होतं. तरीही वह्या आणायच्या नाहीत, हे माझं उभ्या उभ्या ठरलं. त्या वयाची बोटं आधी ओतायला, मळायला, उचलायला हवीत.

"त्याला शंभरापर्यंत पाठ हाय. मीच करून घेतलंय," ते म्हणाले.

पाठ होतंच. पण पाच पेले आण म्हटलं, की हाताला येतील तेवढे तो उचलून आणायचा. मी तसं स्पष्ट सांगितलं. त्यांना पटेना.

"मग उद्या येऊन बघा. फक्त मध्ये बोलायचं नाही."

ते आले, भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी त्यांचा मुलगा गवळी होता.

"दुधात पाणी घालतोस की रं!" रांगेतली पहिली मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"न्हाय बाई, ताजं हाय. म्हशीला इचार!"

म्हैस हंबरली. गवळ्यानं कपाटातून पेले आणून एकेकाच्या हातात दिले. रांगेतला शेवटचा मुलगा रिकाम्या हातानं राहिला. गवळी परत गेला, दोन पेले घेऊन आला. एक उरला. उरलेल्या पेल्याकडे बघत तो थांबला.

"अरे, सहा..." वडिलांच्या तोंडून निघालंच.

"पावणं, गप बसा," मी म्हणाले.

त्यानं जादा पेला ठेवून दिला. मग रांगेतल्या एकेका डोक्याला बोट लावत मोजलं, पुन्हा मोजलं. पुढच्या फेरीला कपाटापाशी उभं राहून त्यानं मोठ्यानं मोजत बरोबर सहा पेले काढले.

"घरी असं कधी केलं न्हाय त्यानं," वडील हळूच म्हणाले.

"घरी सहा गिऱ्हाइकं कुठं उभी होती?"

ते उठले. "राहू दे हितं. पण पहिलीत लिहाय आलं न्हाय, तर तुमच्या दारात येऊन बसणार."

"बसा की. चहा देते."

गल्लीतली दोन मुलं मात्र वह्यांसाठी दुसरीकडे गेली. ताई आता आठवड्यातून चारच दिवस येतात. उरलेले दोन दिवस सांडलेलं पाणी मी एकटी पुसते. पहिला तास खेळाचाच आहे.