साडूंना सांगितलेला आकडा

माझ्या साडूंना नाव ठेवायला जागा नाही, आणि त्यांच्याबद्दल माझी एकमेव तक्रार हीच आहे. माणसाने दुसऱ्यासाठी थोडी तरी सोय ठेवावी की नाही? चौदा वर्षं शोधतोय मी. व्यसन नाही, कुणाशी चढा आवाज नाही, वेळ पाळतात, आणि सगळ्यात संताप येतो तो याचा, की माझ्याशी चांगले वागतात.

ते लिफ्ट दुरुस्त करतात. चार इमारती सोडून पाचव्या इमारतीत लिफ्ट अडकली तरी लोक कंपनीला नाही, यांना फोन करतात. एकदा एक म्हातारी बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली, तर हातातलं काम मदतनिसाला देऊन हे बाहेर फरशीवर बसले आणि पाऊण तास दाराच्या फटीतून तिच्याशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले. बाई बाहेर आली ती हसत. मी अडकलो असतो तर मला काय विचारलं असतं, देव जाणे.

आमच्या सासऱ्यांना दोन मुली. थोरलीचे हे, धाकटीचा मी. हे आले की सासरे पेपरची घडी घालतात आणि खुर्ची पुढे ओढतात. मी गेलो की "या" म्हणतात आणि पान उलटतात. सासऱ्यांना नवा टीव्ही मी घेऊन दिला, चांगला भिंतभर. तो ठेवला ते टेबल जरा डुगडुगत होतं. साडू आले, खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दुमडून पायाखाली सारला. त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासरे ते टेबल दाखवतात. हलवून दाखवतात. टीव्हीकडे कुणी बघत नाही.

बायको म्हणते, "तुमच्या पोटात दुखतं." दुखतंच. मी कधी नाही म्हटलं?

माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विकतो, जोडतो, दुरुस्त करतो. गेम खेळायचे मोठाले कॉम्प्युटर जोडण्यात या भागात माझा हात कुणी धरणार नाही. काचेची पेटी, आत लाल-निळे दिवे, दोन-दोन पंखे. जोडून झालं की चार-पाच तास चालवून बघायचं, म्हणून मी त्यावर खेळतो. मग मालक येतो आणि उचलून नेतो. माझी स्वतःची पेटी चार वर्षं काउंटरखाली रिकामी पडली आहे. आधी फ्रिज, मग मुलाची फी, मग दुकानाचं भाडं. आठ महिन्यांपूर्वी एक ग्राफिक्स कार्ड मिळालं. पडद्यावरचं सगळं चित्र हेच कार्ड काढतं, गेमचा जीव त्यात असतो. घाऊक दुकानदाराकडे शेवटचा नग होता, त्याने मला पडत्या भावात दिला. मी तो जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. बाकीचं हळूहळू घेऊ म्हटलं.

ती फळी मधे वाकली होती. साडू सहज दुकानात आले होते, त्यांनी बघितली, न विचारता सामान खाली उतरवलं, दोन पट्ट्या ठोकल्या, सामान परत लावलं आणि चहासुद्धा न घेता गेले. अशा माणसाचं करायचं काय?

तर हे साडू एका दुपारी कामाच्या कपड्यांतच माझ्या दुकानात आले. हाताला ग्रीस, खिशात छोटी वही. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवयच नाही.

"मला गेमचा कॉम्प्युटर घ्यायचाय," म्हणाले. "मलाच. हसू नकोस."

मी हसलो नाही. शेहेचाळीस वर्षांचा माणूस.

मग त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दीड वर्षापूर्वी शिकायला परगावी गेली. फोन केला की चार वाक्यं. बरी आहे. जेवले. अभ्यास चाललाय. ठेवते. "काहीतरी बिनसलंय तिचं," ते म्हणाले, "पण फोनवर हाती लागत नाही. दर रविवारी सकाळी ती तो ट्रकचा गेम खेळते. दोघांनी माल भरायचा, डोंगर ओलांडून बंदरात न्यायचा. कानाला हेडफोन लावून बोलता येतं म्हणे. मीच म्हटलं, मला घेशील का? हो म्हणाली. एवढं हो तिने दीड वर्षात कशालाच म्हटलं नव्हतं."

त्यांनी वही उघडली. "नव्वद हजारांपर्यंत जाऊ शकतो. दोन वर्षं जादा पाळ्या केल्यात. किती घालू? तू म्हणशील तो आकडा."

खरा आकडा मला पाठ होता. ऐंशी. त्यात फळीवरचं कार्ड धरून. त्या कार्डाशिवाय ट्रक तो डोंगर नीट चढणारच नाही.

आणि मला काय झालं सांगू? माझ्या डोळ्यांपुढे सासऱ्यांची खुर्ची आली. हा माणूस गेमही खेळणार, माझ्या आधी खेळणार, माझ्या कार्डावर खेळणार. आणि पुढच्या वेळी सगळे मिळून त्याचंच कौतुक करणार. वाटलं, एकदा, फक्त एकदा, यांना काहीतरी जमू नये. कशापुढे तरी यांनी गोंधळून बसावं.

"पंचेचाळीस," मी म्हणालो. "त्यावर घालायचे म्हणजे नुसते दिवे आणि काच. उगाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा नेहमीचा प्रश्न आला. साडूंचा खर्चाचा एकच नियम आहे. लिफ्टवर आठ माणसं लिहिलेलं असलं तरी दोर ऐंशी माणसांचा असतो. आरशावर वाचवा, दोरावर वाचवू नका. घर घेताना, लग्न ठरवताना, चपला घेताना हेच विचारतात.

"यातला दोर कुठला?"

मी वीज पुरवणाऱ्या डब्यावर हात ठेवला. "हा. हा उत्तम घालतो. हा गेला की सगळं जातं."

ते खरंच होतं. खोटं बोलताना मधे एक खरी गोष्ट सांगितली की जरा बरं वाटतं.

"आणि गेमला हे पुरेल?"

"आरामात."

त्यांनी वही मिटली. "ठीक," म्हणाले. बस, एवढंच.

मी साधं जुनं कार्ड घालून मशीन जोडलं, घरी पोचवलं आणि तक्रारीची वाट बघत बसलो. एक आठवडा गेला. दोन गेले. फोन वाजला की मी तयार होऊन उचलायचो. दुसऱ्या कुणाचा तरी प्रिंटर अडकलेला असायचा. पाचव्या रविवारी दुपारी सासऱ्यांकडे सगळे जेवायला जमलो.

मी दारात पाय ठेवला आणि सासऱ्यांनी पेपरची घडी घातली. खुर्ची पुढे ओढली.

"या, बसा," म्हणाले. "मोठ्या जावयांनी सांगितलं सगळं. नव्वद घेऊन आलेल्या माणसाला पंचेचाळीसमध्ये भागव म्हणणारा दुकानदार मी जन्मात बघितला नाही. आम्ही तुम्हाला ओळखलंच नाही हो. सरळ माणूस."

चौदा वर्षं ज्या खुर्चीसाठी जळलो, तिच्यावर बसलो. बूड टेकवत नव्हतं. समोर बायको पानं मांडत होती, तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा पेला उचलला. ते स्वेटर तिनेच मला दिलं होतं, कार्ड गुंडाळायला.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "जमतो का हो तो गेम?"

"छे," साडू म्हणाले. "घाटात वळण आलं की माझं चित्र अडकतं. ट्रक जागच्या जागी थांबतो, मग एकदम दरीच्या कडेला. ती पार पुढे गेलेली असते. मग बोगद्याच्या तोंडाशी गाडी लावून माझी वाट बघते." ते हसले. "वाट बघताना माणूस काय करणार, बोलतो. पहिल्या रविवारी मेसबद्दल बोलली. दुसऱ्या रविवारी खोलीतल्या मैत्रिणीबद्दल. गेल्या रविवारी सांगितलं की दोन विषय राहिलेत. तीन महिने पोटात ठेवलं होतं पोरीने. सामान बांधून परत यायचं ठरवलं होतं, आम्हाला तोंड कसं दाखवू म्हणून रडत होती. मी आपला तिकडे वळणावर अडकलेलो, हलता येईना. ऐकत बसलो. आता परत परीक्षेला बसतेय."

मेहुणीने डोळे पुसले.

"दादा," मी म्हणालो, "माझ्याकडे एक कार्ड आहे. उद्या येऊन बसवून देतो. पैसे नकोत."

"बघा," सासरे म्हणाले सगळ्यांकडे बघून. "बघा."

"नको रे," साडू म्हणाले. "मग मी तिच्या बरोबरीने जाईन. ती थांबेल कशाला?"

निघताना आम्ही दोघं जिन्याने उतरलो. इमारतीला लिफ्ट आहे, पण सुट्टीच्या दिवशी ते तिच्यात पाय ठेवत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले.

"ते कार्ड तूच बसव आता," म्हणाले. "स्वेटरमधलं. फळी ठोकताना खाली उतरवलं होतं मी, तेव्हा स्वेटर सरकलं आणि नाव वाचलं. पोरीने मला जी यादी पाठवली होती, तिच्यात पहिलं तेच होतं."

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"विचारलं की. दोर कुठला म्हणून." ते पुढे उतरू लागले. "तू दुसरीकडे हात ठेवलास. म्हटलं, चार वर्षं रिकामी पेटी बघतोय याच्या काउंटरखाली. स्वतःसाठी ठेवलंय. मागायचं कसं?"

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी तो झेलला असता, परतही केला असता. नव्हता. मला इतका राग आला की सांगता सोय नाही.

वाटेत मी बायकोला जिन्यातलं सांगितलं. घरी चपला काढताना ती म्हणाली, "भाऊजींनी माझ्या माहेरी तुमची अब्रू राखली. आता ते कार्ड फळीवर ठेवून त्याची पूजा करू नका."

मी उरलेलं सामान हप्त्यावर घेतलं आणि घरी मशीन जोडलं. काय मशीन आहे. घाटातलं एकेक झाड वेगळं दिसतं. भाचीला कळवलं, तर तिचा लगेच निरोप, "काका, रविवारी तुम्हीपण या."

रविवारी तीन ट्रक निघाले. पहिल्या वळणाला मी दोघांना मागे टाकलं. दुसऱ्याला तर ते आरशातही दिसेनात. हेडफोनमध्ये मात्र दोघं स्पष्ट ऐकू येत होते. साडू अडकले होते, नेहमीप्रमाणे. भाची थांबली होती आणि परीक्षेला कुठलं पेन वापरायचं यावर दोघांचा वाद चालला होता. ती हसत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, एक सांगू?" आणि मी कानांवरून हेडफोन काढून ठेवला.

समोर बोगदा होता, पलीकडे बंदर. तेव्हा मला हेवा वाटला तो साडूंचासुद्धा नाही. त्या पंचेचाळीस हजारांच्या, अडकणाऱ्या, माझ्याच हाताने अधू करून दिलेल्या मशीनचा वाटला. माझा मुलगा शेजारच्या खोलीत होता. दार लोटलेलं होतं.

"पहिले आलात का?" बायकोने आतून विचारलं.

"आलो," मी म्हणालो.