मशिन कसं वाजतंय, करून दाखवा

कॉम्प्युटर उघडून परत बंद केला की एखादा स्क्रू हमखास उरतो. शिरूरच्या आमच्या दुकानात अशा स्क्रूंनी बरणी भरली होती. किस्सेही तसेच साठले, आणि बहुतेक सगळे सोपानचे!

मी काउंटरवर टायपिंग करायचो, सोपान रिपेअरिंग. आधी तो कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेसवर होता. तिथल्या दणदणाटात त्याचे कान गेले, मग नोकरी गेली. समोर उभं राहून बोललं की ओठांवरून त्याला सगळं कळायचं. पण कॉम्प्युटर सुरू होत नसला की आतून पिप-पिप वाजतो आणि कुठली पिप लांब, कुठली आखूड, त्यावरूनच बिघाड समजतो. मी ऐकून सांगायचो, पण माझ्या लांब-आखूडवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो सरळ गिऱ्हाइकाला समोर बसवायचा. "कसं वाजतंय, करून दाखवा."

*

केंदूरच्या सोसायटीचे चेअरमन आप्पा म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. दुकानात चार लोक बसलेले. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले. "पीऽऽप. पिप, पिप."

"एक लांब, दोन आखूड. डिस्प्ले कार्ड," सोपान म्हणाला. दहा मिनिटांत मशिन चालू.

जाताना आप्पा माझ्या कानाशी आले. "गावात बोलू नका."

*

कासुर्डीहून एक जण बायकोला घेऊनच आला. "मला न्हाई जमत. ही रोज ऐकती."

बाईंनी पदर सावरला आणि असं हुबेहूब वाजवलं, की मी मशिनकडे वळून बघितलं.

*

दौंडचे एक मामा एसटीतून नुसता मॉनिटर घेऊन आले. "आन् खालचा डबा?" सोपाननं विचारलं.

"तो घरी हाय. त्याला काय झालंय? दिसत न्हाई ते ह्याच्यात."

मी तोंड फिरवून हसलो. सोपान हसला नाही. मॉनिटर मांडीवर घेऊन तो मामांबरोबर दौंडला गेला आणि मशिन चालू करूनच परतला. मला माझीच लाज वाटली.

*

आता कवठे येमाईच्या शाळेचा किस्सा. अकरा वाजता परीक्षक येणार, मुलींची कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल, आणि शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर बंद. पंखा फिरतोय, पडदा काळा. परीक्षा हुकली तर मुलींचं वर्ष वाया.

सोपान मॉनिटरसमोर बसला. त्याच्या पाठीमागे हेडसर मला म्हणाले, "बहिऱ्याला कशाला आणलंत? ह्याला काय कळणार?"

मला फार राग आला. पण सोपानला ऐकू गेलं नाही तेवढंच बरं.

मशिन चालू केलं तर पिपचा आवाजच नाही. डबा उघडला, तर आतल्या स्पीकरची वायर उंदरानं खाल्लेली. मी ते सोपानला सांगितलं, तर तो हसला.

"म्हंजी आज समदेच माझ्यासारखे."

त्यानं एका मुलीकडून खोडरबर मागून घेतलं, मेमरीची पट्टी काढली, तिची सोनेरी कडा घासली आणि पुन्हा बसवली. पडदा उजळला. अकराला दहा मिनिटं कमी होती.

"सोपानराव, चुकलो मी," हेडसर मागून म्हणाले. सोपान स्क्रू आवळत होता. मग ते टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आले आणि सावकाश म्हणाले, "मघाशी तुमच्या पाठीमागं बोललो, ते चुकलं."

"ठावं हाय, सर," सोपान म्हणाला. "तवा पडदा काळा व्हता. त्यात तुमचं तोंड साफ दिसत व्हतं."