गॅसवर काहीतरी ठेवलं आहे

किस्से रिकाम्या बरण्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी आणत नाही, पण माळ्यावर पाहावं तर ही गर्दी! बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमधल्या टीव्हीनं अशा पुष्कळ बरण्या जमवून दिल्या.

माझा हट्ट एकच. रविवारी संध्याकाळी घरच्या पाचही जणांनी एका खोलीत बसून एक पिक्चर पाहायचा. बाकी आठवडा ज्याच्या त्याच्या मोबाईलचा! शेवटी मुलगा प्रशांत म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत जमलं त जमलं. नाही त टीव्ही तुमच्या खोलीत नेऊन ठेवतो. मंग पाहा तुम्ही दोघंच!"

कोणता पिक्चर कोणी पाहावा, हे पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं म्हणे. मला वाचता येत नाही. माझं माप वेगळं. मधूनच उठलं कोण?

*

पहिला पिक्चर प्रशांतनं लावला. "एकदम फॅमिली आहे आई!"

थोड्या वेळात हिरो-हिरॉईन स्विमिंग पूलमध्ये उतरले. प्रशांतला एकदम तहान लागली. सून रजनी "गॅसवर काहीतरी ठेवलं आहे" म्हणत स्वयंपाकघरात पळाली. नात पिहू मोबाईलमध्ये शिरली. आमच्या ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी एकटीच पाहून राहिली!

बऱ्याच वेळानं हे डोळे न उघडताच म्हणाले, "निघाले का वं पाण्यातून?"

*

मग मी देवाची मालिका लावली. तिथं कोण उठणार? हे तर बसल्या बसल्याच घोरायला लागले. पिहू मात्र उठली.

"आजी, मागच्या रविवारी सोडलेला बाण अजून हवेतच आहे. लागला की मले आवाज दे!"

*

रजनीची आवडती मालिका निघाली सासू-सुनेची. सासूनं सुनेच्या खिरीत विष कालवलं. सगळे खिळून बसले. मी खूश! दुसऱ्या दिवशी हौसेनं शेवयांची खीर केली. रजनीनं वाटी हातात घेतली. खिरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"आई, पहिले तुम्ही घ्या ना."

मालिका बंद!

*

खालच्या मजल्यावरच्या कुसुमबाई म्हणाल्या, "नाव ऐकूनच हात जोडान, असा पिक्चर आहे वं!" नाव खरंच सोज्वळ होतं. आतली माणसं मात्र नळावर भांडल्यासारखी बोलत होती. ह्यांना ऐकू कमी येतं.

"प्रशांत, काय म्हटलं गा त्यानं?"

प्रशांत कानापर्यंत लाल. "काही नाही बाबा. रामराम म्हटलं."

"मंग समोरच्यानं त्याले हाणलं काहून?"

रजनीला पुन्हा गॅस आठवला.

*

दिवाळीच्या आधीचा रविवार आला. टीव्ही भिंतीवरून काढायला प्रशांतनं पेचकससुद्धा आणून ठेवला. तो पाहिला आणि माझं डोकं चाललं. मी इतके दिवस नुसता वाईट नसलेला पिक्चर शोधत होते! वाईट काही नाही, म्हणून बिनमिठाचं वरण कोणी दुसऱ्यांदा मागतं का?

रिमोटच्या माइकला म्हटलं, "बैलायचा पिक्चर लाव गा बाप्पा!"

पिहू हसून लोटपोट. पण आला ना एक! शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा. शर्यतीच्या तोंडावर बाप आजारी पडतो, बैल विकायची पाळी येते, तेव्हा पोरगी स्वतः कासरा हातात घेते. आमचे हे कुही गावचे, पटाच्या धुळीतच वाढलेले. पहिल्या हाळीला ताठ बसले. "हाण पोरी!" पिहूचा मोबाईल वाजला; तिनं न पाहताच उशीखाली कोंबला. प्रशांतच्या हातात पाण्याचा गिलास तसाच. रजनी पदर दातात धरून बसलेली.

शेवटची दौड सुरू झाली आणि दार ढकलून कुसुमबाईच आत आल्या, नाकाला पदर लावून.

"अवं, काय जळून राहिलं तुमच्या घरी? करपल्या भाताचा वास खालपर्यंत आला!"

एकानंही मान वळवली नाही. रजनीनं पडद्यावरची नजर न काढता त्यांचा हात धरला आणि खाली ओढलं.

"बसा ना कुसुमबाई! आपली जोडी पुढं निघून राहिली!"