साबणबाई

मी सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीत बसते आणि माझी वहिनी वरच्या मजल्यावर बाळांच्या वॉर्डात सिस्टर आहे. म्हणजे घरीही तीच आणि कामावरही तीच, सुटका म्हणून नाही. मी वयाने लहान, पण ती चिडली की मला 'वन्सं' म्हणून अहोजाहो करते, आणि घरी येते तेव्हा ती बहुतेक चिडलेलीच असते. चिडलेली नसली तर दमलेली असते.

इस्पितळात तिला सगळे साबणबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे. कमी दिवसांची, मूठभर वजनाची बाळं तिच्या वॉर्डात काचेच्या पेट्यांमध्ये असतात. पेट्या कमी, म्हणून एकेका पेटीत दोन-दोन. एकाला काही लागलं की शेजारच्याला लागायला वेळ लागत नाही. म्हणून दाराशी बेसिन, बेसिनवर साबणाची बाटली आणि बाटलीजवळ वहिनी. हात धुतल्याशिवाय कुणालाही आत सोडायची नाही, मोठ्या डॉक्टरांनाही नाही. "साहेब, हात," एवढंच म्हणायची. साहेब कुरकुरत वळायचे.

इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून तिचा घसा बसला आणि सारखे हात धुऊन बोटांना भेगा पडल्या. घरी भांडी घासताना त्या भेगांत पाणी गेलं की ती दात आवळायची. मी म्हणायची, "अगं, एवढा जीव काढतेस, कुणी हार घालणार आहे का तुला?"

"वन्सं, तुम्ही तुमची खिडकी सांभाळा."

त्या उन्हाळ्यात वॉर्डात ताप शिरला. आधी एका बाळाला, मग त्याच पेटीतल्या दुसऱ्याला, मग समोरच्या रांगेत. बाळं दूध प्यायची बंद व्हायची, अंग निळसर पडायचं. दोन बाळं गेली. वहिनीने वाट्या-चमचे पुन्हा पुन्हा उकळून घेतले, चादरी बदलल्या, फरशी पुसायची फडकी जाळून टाकली, बाळांच्या आयांशिवाय सगळ्यांना येणं बंद केलं. ती स्वतः बेसिनशी उभी राहून एकेकीच्या हातावर साबण घालायची. बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटापर्यंत. तरी ताप हटेना. घरी आली की चपलाही न काढता खुर्चीत बसायची. दादा चहा आणून ठेवायचा, तो तसाच गार व्हायचा.

"कुठून येतंय गं हे?" ती मला विचारायची. "माझं काय करायचं राहतंय?"

मला काय कळणार? मी आपली म्हणायची, दोन घास खा आणि पड जरा.

त्या आयांमध्ये एक पोरसवदा मुलगी होती, पहिलटकरीण. तिचं बाळ सगळ्यांत धडधाकट, आज-उद्या घरी जायचं होतं. हात धुवायला तिला कधी सांगावं लागलं नाही. कोपरापर्यंत धुवायची आणि हात अंगापासून लांब धरून आत जायची, स्वतःच्या कपड्यांनाही लागू द्यायची नाही. "माझं ऐकणारी ही एकटीच," असं वहिनी कौतुकाने सांगायची. तिची सासू मात्र दिवसभर खाली माझ्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेच्या चुका ऐकवायची.

त्या बाळालाही ताप आला आणि ते गेलं. सासूने खालच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत हंबरडा फोडला, "हिच्याच हातांनी गेलं माझं नातवंड! दहा ठिकाणी हात लावायचा आणि लेकराला उचलायचं!" मुलगी नुसती आपल्या तळहातांकडे बघत राहिली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खिडकीपुढे ही एवढी रांग. मी पुढच्या माणसाचं नाव विचारलं.

मग प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. त्यांनी नळाची तोटी, पेट्या, ट्रे, सिस्टरांचे हात, सगळ्यांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या. निघताना वहिनी म्हणाली, "मॅडम, हात." त्या हसल्या, हात धुतले, आणि काय मनात आलं कोण जाणे, जाता जाता त्या बाटलीतला थोडा साबणही त्यांनी कुपीत भरून नेला.

बाकी सगळीकडे विशेष काही मिळालं नाही. साबणात मात्र तेच जंतू बुजबुजले होते.

साबण भांडारातून मोठ्या कॅनमध्ये यायचा, आणि एक कॅन संपल्यावर दुसरा कधी येईल ते भांडारवाल्यालाही सांगता यायचं नाही. तेव्हा बाटलीत साबण कमी झाला की वहिनी त्यात थोडं पाणी घालून हलवायची. पुरवून पुरवून वापरायची. यात नवल ते काय? आमच्या घरी शाम्पूची बाटली पाणी घालून दोनदा खळबळल्याशिवाय कचऱ्यात जात नाही. नवा साबण आला की ती तो त्याच बाटलीत, उरलेल्यावर ओतायची. बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून भरायची असते हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. साबणाची बाटली धुवायची असते हे मनात तरी कसं यावं? त्या पातळ साबणात जंतूंनी घर केलं. जी आई जितकी मन लावून हात धुवायची, ती तितके ते आत न्यायची.

बाटल्या फेकल्या, साबणाच्या वड्या आल्या, ताप थांबला. मोठ्या डॉक्टरांनी वहिनीला बोलावून सांगितलं, "सिस्टर, यात तुमचा एकटीचा दोष नाही. पण बाहेर एक अक्षर बोलू नका. लोक दगड घेऊन येतील."

घरी मीही तेच म्हटलं. "वहिनी, मूग गिळून गप्प बस. तुला अजून कितीतरी वर्षं नोकरी करायची आहे." मी मनापासून म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणेन. ती दुसऱ्या दिवशी कामावर गेली, बेसिनशी उभी राहिली. पण "हात" हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. नुसती वडीकडे बोट दाखवायची.

पुढे एका दुपारी ती मुलगी बाळाच्या मृत्यूचा दाखला न्यायला खिडकीशी आली. सासू मागे बाकड्यावर बसली होती.

"ताई, वरच्या सिस्टर भेटतील का? एक विचारायचं होतं."

"त्या रजेवर आहेत," मी बेधडक ठोकून दिलं. आणि तेवढ्यात वहिनी जिना उतरून समोर आली.

"सिस्टर," मुलगी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली, "मी रोज धुवायचे ना हात? तुम्ही बघायचात ना? माझ्या नखांत काही राहिलं असेल का हो?"

मी खिडकीतून वहिनीला मानेनेच नको नको म्हणत होते. तिने पाहिलं मला, नक्की पाहिलं.

"तुझे हात स्वच्छ होते," वहिनी म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. झालं, आता निघ म्हणावं. पण ती हलली नाही. बसलेला घसा ताणून, बाकड्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "साबण खराब होता, पोरी. त्यात पाणी मी घालत होते. तुझ्या हातावर रोज मीच ओतला तो."

आता ही मुलगी हात उगारणार, अशा भीतीने मी खुर्चीतून उठले. तिने हात उगारला नाही, रडलीही नाही. तिने एकदा वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. मग वळली आणि बाकड्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऐकलंत?" ती सासूला म्हणाली. सासूने मान फिरवली, तशी ती ओरडली, "ऐकलंत ना?"